पूर्णेची माती आणि दुपारी बाराचा उपग्रह



नकाशावर परतवाड्यावर बोट ठेवा आणि ते सरळ पश्चिमेकडे सरकवत न्या. अकोट, जळगाव जामोद, भुसावळ, नवापूर यांच्या आसपासून जात ते बोट सुरतेपाशी समुद्राला टेकेल. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. आपल्या सापन आणि बिच्छन या नद्यांचं पाणी याच दिशेनं जातं, फक्त वळसे घेत. त्या चंद्रभागेला मिळतात, चंद्रभागा दर्यापूरवरून जाऊन पूर्णेला मिळते आणि पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीच्या स्वाधीन होते. मेळघाटाच्या उत्तर उतारावरच्या सिपना, गडगा, खापरा या नद्या तर पूर्णेची वाट न बघता थेट तापीत उतरतात. पुढं हतनूरचं धरण, मग गुजरातेत उकाईचं, मग सुरत, आणि डुमसच्या पुढं खंभातच्या आखाताचं तोंड. तापीचं सगळं खोरं मिळून ६५ हजार चौरस किलोमीटरांचं आहे आणि त्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात येतो. म्हणून सुरतेसमोरच्या समुद्रावर आज इथं बोलणं हे परक्या मुलखाविषयी बोलणं नाही. आपलं पाणी जिथं संपतं, त्या जागेविषयी ते आहे.

पाण्याबरोबर मातीही जाते. मृगाचे पहिले जोरदार पाऊस पडतात तेव्हा कपाशी अजून वीतभरही नसते, वावर उघडं असतं, आणि काळी माती नाल्यात उतरते. त्यातली बरीचशी वाटेत थांबते. सापन आणि चंद्रभागेवरची आपली धरणं थोडी अडवतात, हतनूर अडवतं, १९७२ साली पूर्ण झालेलं उकाई त्याहून कितीतरी जास्त अडवतं. तरीही मोठ्या पुरात अगदी बारीक कण पार समुद्रापर्यंत पोचतात. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि सुरत शहराचा बहुतेक भाग बुडाला. ते पाणी तापी-पूर्णेच्या खोऱ्यातलंच होतं. शहराचं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. समुद्राचं काय झालं, हे मात्र तासातासानं पाहायची सोय त्या वेळी कोणाकडेच नव्हती. आपल्या किनाऱ्यासाठी ती आजही नाही. माझं आजचं बोलणं याच उणिवेविषयी आहे.

आधी रंगाबद्दल. समुद्राच्या पाण्याला रंग का असतो आणि तो आकाशातून मोजून काय कळतं? स्वच्छ खोल पाणी तांबडा प्रकाश गिळतं आणि निळा परत पाठवतं, म्हणून ते निळं दिसतं. पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढल्या, म्हणजे प्लवक वाढलं, की त्यांच्यातलं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषतं आणि पाणी हिरवटाकडे झुकतं. परत येणाऱ्या निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचं गुणोत्तर काढलं की हरितद्रव्याचं प्रमाण बऱ्यापैकी सांगता येतं. खुल्या समुद्रात ही पद्धत छान चालते. किनाऱ्याजवळ तिच्या वाटेत दोन गोष्टी येतात. एक म्हणजे गाळ. तो सगळेच रंग परत फेकतो आणि पाणी पिवळट-तपकिरी करतो. दुसरी म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याचं पाण्यात विरघळलेलं द्रव्य. पावसाळ्यात सागवनातून येणाऱ्या मेळघाटातल्या ओढ्यांना जो काळसर-तांबूस रंग येतो, तो त्याचाच. हे द्रव्य प्लवकासारखाच निळा प्रकाश गिळतं, त्यामुळं साधं गुणोत्तर फसतं आणि गढूळ पाण्याला हिरवं ठरवून मोकळं होतं. म्हणून किनाऱ्यासाठी जास्त रंगपट्टे लागतात, तांबड्याच्या पलीकडचेही, आणि हिशेबाची वेगळी सूत्रं लागतात.

त्यातच मध्ये हवा आहे. उपग्रहाच्या डोळ्यात जो प्रकाश शिरतो त्यातला साधारण नऊ दशांश भाग हवेतून विखरून आलेला असतो. पाण्यातून आलेला फक्त एक दशांशाच्या आसपास. या शास्त्रातली निम्मी मेहनत हवेचा वाटा वजा करण्यात जाते. खुल्या समुद्राचं पाणी अवरक्त पट्ट्यात जवळजवळ काळं दिसतं, तेव्हा तिथं जे उजळ दिसेल ते हवेचं, असा सरळ हिशेब करता येतो. खंभातसारख्या गढूळ पाण्यात गाळ त्या पट्ट्यातही चमकतो आणि हा हिशेब कोलमडतो. मग वेगळे पट्टे, वेगळी गृहीतकं. हे काम कंटाळवाणं असतं आणि बातम्यांत कधी येत नाही, पण समुद्राच्या रंगीत नकाशाची सारी विश्वासार्हता त्याच्यावर उभी असते.

भारत या क्षेत्रात उशिरा आला असं मुळीच नाही. अमेरिकेच्या निंबस-७ उपग्रहानं १९७८ साली समुद्राचा रंग पहिल्यांदा अवकाशातून मोजला. आपला ओशनसॅट-१ श्रीहरिकोट्याहून २६ मे १९९९ रोजी उडाला. त्याच्यावर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरनं बनवलेला ओशन कलर मॉनिटर होता: आठ रंगपट्टे, ३६० मीटरपर्यंतचा तपशील, दर दोन दिवसांनी तीच जागा पुन्हा. २००९ मध्ये ओशनसॅट-२ आला आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ओशनसॅट-३. त्याच्यावर तेरा पट्टे आहेत. याच माहितीच्या आणि पृष्ठभागाच्या तापमानाच्या आधारे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना मासे सापडण्याची शक्यता कुठं जास्त आहे ते सांगते. हरितद्रव्याची आणि तापमानाची सीमा जिथं जुळते तिथं प्लवक, प्लवकाच्या मागं छोटे मासे आणि त्यांच्या मागं मोठे. रत्नागिरीच्या किंवा हर्णैच्या बोटीनं डिझेल कुठवर जाळायचं हा निर्णय या सल्ल्यानं बदलतो. विज्ञान सामान्य माणसाच्या कामी कसं येतं असं मला कोणी विचारलं, तर मी आधी याचं नाव घेतो.

हे सगळे उपग्रह ध्रुवांवरून फिरणारे, ओशनसॅट सुमारे ७२० किलोमीटर उंचीवरचे. त्यांची कक्षा अशी बसवलेली असते, की प्रत्येक ठिकाणी ते घड्याळाच्या ठरलेल्या वेळीच येतात. ओशनसॅटची वेळ दुपारी बाराच्या आसपासची, कारण तेव्हा ऊन भरपूर असतं. खुल्या समुद्रात चित्र दिवसादिवसांनी बदलतं, तिथं हे चालून जातं. किनाऱ्यावर का चालत नाही हे कोकणातल्या कोणत्याही जुन्या खलाशाला विचारा. तो तुम्हाला एक सोपा हिशेब सांगेल: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या जवळपास. हा हिशेब मुंबई-कोकणाला लागू आहे, आणि तो पिढ्यानपिढ्या चालत आला, कारण तिथी आणि घड्याळ यांचं नातं खरोखरच बांधलेलं आहे. ते सूर्य-चंद्रानंच बांधलेलं आहे.

आता दुपारी बाराला येणारा उपग्रह काय बघेल याचा विचार करा. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण असतं, पाण्याची चढउतार सर्वांत मोठी. त्या दिवशी बाराला मुंबईसमोर पाणी भरलेलं. अष्टमीला भांग, चढउतार सर्वांत कमी. त्या दिवशी बाराला ओहोटी. म्हणजे उधाणाची भरती तो पाहतो, भांगाची ओहोटी पाहतो, आणि उधाणाची ओहोटी त्याला कधीही दिसत नाही. या महिन्यात नाही, या वर्षात नाही, वीस वर्षांत नाही. नेमक्या त्याच ओहोटीत खाड्या रिकाम्या होतात, तळ ढवळला जातो आणि शहरांचं सांडपाणी बाहेर ओढलं जातं. वीस वर्षांची दुपारची चित्रं एकत्र करून सरासरी काढली तरी ही पोकळी भरत नाही. उलट सरासरीच्या नावाखाली ती झाकली जाते. बाजार रोज फक्त दुपारी बाराला बघणाऱ्या माणसाला सकाळचा लिलाव ठाऊकच नसतो, तो कितीही वर्षं येत राहिला तरी. खंभातच्या आखातात भरती मुंबईच्या कितीतरी तास मागून येते, तिथलं कोष्टक वेगळं आहे. पण बांधिलकी तशीच. प्रत्येक ठिकाणच्या भरतीचा ठरावीक भाग दिसतो, बाकीचा नेहमीच अंधारात राहतो.

आणि खंभात हे साधं ठिकाण नाही. भरती-ओहोटीतला फरक भावनगरकडे दहा मीटरांच्याही वर जातो, तीन मजली इमारतीइतका. जगात अशा जागा मोजक्या. अलंगला मोडायची जहाजं थेट किनाऱ्यावर चढवता येतात ती याच भरतीच्या जोरावर. प्रवाहाचा वेग सेकंदाला दोन मीटरांच्या पुढं जातो. म्हणजे तासाभरात पाणी सात किलोमीटर सरकतं. ओशनसॅटच्या चित्रातले वीस ठिपके ओलांडून जातं. आणि पुढचं चित्र दोन दिवसांनी! मधल्या काळात ते पाणी चार वेळा आत येऊन बाहेर गेलेलं असतं. दोन चित्रांमधला फरक पुराचा, भरतीचा की वाऱ्याचा, हे कोणत्या आधारावर सांगायचं?

आपल्या मातीचा प्रश्न इथंच अडतो. खंभातचं पाणी बारमाही गढूळ असतं आणि ते पाहून सहज म्हणावंसं वाटतं, की वरून नद्यांनी आणलेली ही माती. तसं म्हणणं चूक ठरेल. तिथल्या गाळातला मोठा भाग जुना आहे. तळाशी बसलेला, दर भरतीला उठणारा आणि प्रवाह मंदावला की पुन्हा बसणारा. नर्मदा, मही, साबरमती यांचाही वाटा त्यात आहे. यंदाच्या पुरानं काय आणलं आणि जुनं काय ढवळलं, हे वेगळं करायचं असेल तर पाण्याची चाल बघावी लागते. भरतीच्या तालावर उठणारा-बसणारा गाळ दर सहा तासांनी आपली खूण दाखवतो. पुराचा लोट मात्र एका दिशेनं येतो, पसरतो, भरतीबरोबर मागंपुढं हेलकावतो आणि काही दिवसांत विरतो. दर तासाला एक चित्र असेल, तर हे दोन्ही वेगळे काढता येतात. दोन दिवसांत एक असेल, तर येत नाहीत. एवढा साधा हा युक्तिवाद आहे, आणि भूस्थिर उपग्रहाची मागणी मी याच पायावर करतो.

भूस्थिर म्हणजे विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरांवर पृथ्वीच्याच गतीनं फिरणारा, त्यामुळं आपल्याला आकाशात एका जागी थांबलेला. तुमच्या छपरावरची डिशची थाळी अशाच उपग्रहाकडे तोंड करून असते. तो ध्रुवीय उपग्रहापेक्षा पन्नास पट दूर असतो, हा मोठा तोटा. पण त्याला पळायचं नसतं, एकाच जागेकडे तो थांबून बघू शकतो, प्रकाश गोळा करायला त्याला वेळ मिळतो.

हे काम जगात पहिल्यांदा करून दाखवलं दक्षिण कोरियानं. २०१० च्या जूनअखेर त्यांचा चोलियान उपग्रह उडाला, त्याच्यावर गोची नावाचं समुद्ररंग मोजणारं उपकरण होतं. आठ पट्टे, ५०० मीटरांचा तपशील, कोरियाभोवतीचा अडीच हजार किलोमीटर लांबी-रुंदीचा समुद्र, आणि दिवसाउजेडी दर तासाला एक, अशी रोज आठ चित्रं. २०२० मध्ये गोची-२ गेलं: २५० मीटर आणि रोज दहा चित्रं. या चित्रांत पीतसमुद्राच्या उथळ किनाऱ्यावरचा गाळ सकाळपासून दुपारपर्यंत कसा चढतो-उतरतो ते पहिल्यांदा सलग दिसलं. चीनमधला हांगझोऊचा उपसागर भरतीच्या भिंतीसारख्या लाटेसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या गाळाची दिवसभरातली चाल चिनी संशोधकांनी याच कोरियन उपकरणातून मोजली. लाल भरतीचे, म्हणजे प्लवकानं लालसर झालेल्या पाण्याचे, पट्टे आणि तरंगत्या हिरव्या शेवाळाचे ताटवे कुठं सरकतायत, हे त्याच दिवशी सांगता येऊ लागलं.

एक गोष्ट मला इथं सांगावीशी वाटते. १९९९ च्या मे महिन्यात आपल्या ज्या पीएसएलव्ही रॉकेटनं ओशनसॅट-१ नेला, त्यानंच कोरियाचा किटसॅट-३ हा छोटा उपग्रहही वर नेला होता. त्या दिवशी समुद्राच्या रंगाच्या कामात आपण त्यांच्या पुढं होतो. अकरा वर्षांनी ते भूस्थिर कक्षेत पोचले. त्यांनी आपला समुद्र नेमका कसा आहे ते ओळखलं: उथळ, गढूळ, भरतीवर जगणारा. त्याला साजेसं उपकरण त्यांनी मागितलं आणि चिकाटीनं मिळवलं. आपला पश्चिम किनाराही, निदान मुंबईपासून वर, अगदी तसाच आहे.

आपल्याकडे प्रयत्न झाला नाही असं नाही. ईओएस-०३ हा उपग्रह भूस्थिर कक्षेतून देशाचं चित्र दिवसातून अनेकदा घेणार होता, दृश्य पट्ट्यांत ४२ मीटरांच्या तपशिलानं. तो खास समुद्ररंगासाठी नव्हता, पण खंभातच्या गाळाला त्याचा उपयोग नक्की झाला असता. १२ ऑगस्ट २०२१ रोजी पहाटे जीएसएलव्हीचा वरचा क्रायोजेनिक टप्पा पेटला नाही आणि उपग्रह गेला. अशा अपयशावर तावातावानं बोलणाऱ्यांशी माझं जमत नाही. रॉकेटं कधी कधी पडतात. पण त्याच्या जागी दुसरा कधी, हा प्रश्न विचारत राहायला हवा, आणि त्या दुसऱ्यावर समुद्रासाठी योग्य रंगपट्टे हवेत हेही सांगत राहायला हवं. अमेरिकेच्या नासानं २०१९ मध्ये मेक्सिकोच्या आखातासाठी ग्लिमर नावाचं असंच उपकरण निवडलं. म्हणजे गरज फक्त आपल्याला जाणवते असं नाही.

तोवर हातावर हात धरून बसायचं कारण नाही. इन्सॅट-३डीआर आणि २०२४ च्या फेब्रुवारीत गेलेला इन्सॅट-३डीएस हे आपले हवामान उपग्रह भूस्थिर आहेत, दर अर्ध्या तासाला चित्र देतात आणि दृश्य पट्ट्यात एक किलोमीटरपर्यंत बघतात. त्यांच्याकडे दृश्य पट्टा एकच, आणि तो रुंद; त्यातून हरितद्रव्य मिळणार नाही. पण दाट गाळ उजळ असतो. युरोपच्या हवामान उपग्रहाच्या तांबड्या पट्ट्यातून बेल्जियमच्या संशोधकांनी उत्तर समुद्रातल्या गढूळपणाची दिवसभरातली चढउतार काढून दाखवली होती, आणि तिथला गाळ खंभातपेक्षा कितीतरी विरळ. मला हा रस्ता आपल्यासाठी आजच चालण्याजोगा वाटतो.

ढगांचं काय, असं कोणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवं. पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, त्याच वेळी आभाळ भरलेलं. रंग मोजणारा कोणताही उपग्रह ढगातून बघू शकत नाही, भूस्थिरही नाही. पण बाराला एकदाच येणाऱ्याला त्या क्षणी ढग आडवा आला की दोन दिवस गेले. दिवसभर थांबलेल्याला सकाळी नऊला एका कोपऱ्यात उघडीप मिळेल, दुपारी तीनला दुसऱ्या. तुकडे जोडून चित्र होतं. पावसाळ्यात हा फरक फार मोलाचा आहे.

बोटीनं घेतलेले नमुने मात्र कधीही वगळता येणार नाहीत. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून हे काम करत आली आहे. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात हिरव्या नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवाचे अफाट ताटवे गेली पंचवीसेक वर्षं दिसू लागले आहेत. उपग्रहानं हिरवा रंग दाखवला. पण तो जीव कोणता, आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तो इतका का फोफावतो, हे जहाजावरून पाणी काढून प्रयोग करणाऱ्यांनी सांगितलं. प्रभू माटोंडकर, हेल्गा गोम्स आणि जोकिम गोएस या मंडळींचं ते काम गोव्याच्या मातीतलं आहे. आकाशातला डोळा प्रश्न नेमका करतो. उत्तरासाठी माणसाला पाण्यातच उतरावं लागतं.

आणि या पाण्यावर माणसं जगतात. आपल्या आठवडी बाजारात जे सुके बोंबील येतात, ते बहुतांशी मुंबईच्या वरच्या अंगाच्या आणि सौराष्ट्राकडच्या याच गढूळ, ओढीच्या समुद्रातले. ते धरतात डोल जाळ्यानं. जाळं रोवून ठेवायचं, भरती-ओहोटीच्या ओढीनं मासा त्यात शिरतो. जाळं कधी लावायचं, कधी काढायचं हे उधाण-भांगावर ठरतं. त्या कोळ्याला दोन दिवसांपूर्वीच्या दुपारचं चित्र देऊन काय उपयोग? त्याचा सगळा धंदा तासांचा आहे.

आता इथल्या महाविद्यालयांतल्या तरुणांसाठी एक काम सांगतो आणि थांबतो. पूर्णेवर गोपालखेड आणि येर्ली इथं केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं आहेत. त्यांच्या प्रवाहाच्या नोंदी इंडिया-डब्ल्यूआरआयएस या सरकारी संकेतस्थळावर बघता येतात. ओशनसॅटची चित्रं इस्रोच्या भूनिधी संकेतस्थळावरून मिळवता येतात. एका पावसाळ्यातला पूर्णेचा एक मोठा पूर निवडा. येर्लीला पाणी कधी चढलं, हतनूर आणि उकाईतून विसर्ग कधी आणि किती झाला, ते तारीखवार मांडा. मग डुमसपुढची त्या पंधरवड्यातली बिनढगाळ चित्रं शोधा आणि प्रत्येक चित्रावर त्या दिवसाची तिथी आणि त्या वेळची भरती लिहा. किती चित्रं हाती लागतात, आणि भरतीचे कोणते तास त्यात एकदाही आलेले नाहीत, याचा तक्ता करा. रिकाम्या तासांचा तो तक्ता इस्रोला आणि इन्कॉइसला पाठवा, खाली पत्ता परतवाड्याचा घाला.